मेलखालची ओळ आणि गेटवरची झडती

२०२२ साल. माझं वय एकसष्ट, कागदावर अठ्ठावन्न. शाळेत नाव घालताना मास्तरांनी तारीख अंदाजाने टाकलेली, आणि तो अंदाज पुढे माझ्या पथ्यावर पडला. आमची एजन्सी साठीला माणूस घरी बसवते. मी त्रेसष्टाव्या वर्षापर्यंत गेटवर ताठ उभा होतो. शिक्षण चौथी पास. पाचवीत गेलेलो, पण पाचवीचं आणि माझं जमलं नाही.

धंदा सिक्युरिटीचा. आधी आंबिवलीला घराजवळच्या कारखान्यात, तो बंद पडल्यावर शीळफाट्याला एका गोडाऊनवर, आणि शेवटची बरीच वर्षं ठाण्यात, वर्तकनगरच्या पुढे एका काचेच्या इमारतीत. कंपनीचं नाव लिहीत नाही, तिचं मीठ खाल्लंय. तिथे मी गेटचा सुपरवायझर होतो.

त्या वर्षी मला दोन गोष्टी मिळाल्या. एक खुर्ची, दुसरा मेल आयडी. सिक्युरिटीवाल्याला खुर्ची कोणी देत नाही, बसला की झोपतो असं सगळ्यांना वाटतं. पण गेटचं काम कॉम्प्युटरवर आलं, आणि कॉम्प्युटर उभ्याने चालवता येईना, म्हणून खुर्ची आली. मेल आयडी तिच्या मागून आला. येणारे पाहुणे, हरवलेली कार्डं, बंद लॉकर, सगळं मेलने कळवायचं ठरलं.

मेल सगळे इंग्रजीत. मला इंग्रजी अक्षरं लागतात, वाक्यं लागत नाहीत. पण माझ्या ध्यानात आलं की वर कितीही रामायण असलं तरी प्रत्येक मेलच्या तळाला माणसाचं नाव, त्याचं डिपार्टमेंट आणि टेबलावरच्या फोनचा नंबर असतोच. तेव्हापासून मी मेल खालून वाचायला लागलो. नाव बघायचं, फोन लावायचा, विचारायचं, बोला साहेब, काय काम काढलंत. लोकांना वाटायचं काका किती तत्पर, मेल पडायच्या आत फोन. एचआरच्या एका मुलीने तर मीटिंगमध्ये माझं उदाहरण दिलं म्हणे. मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

असं खालून वाचत असल्यामुळे ती नवी ओळ कंपनीत सगळ्यात आधी बहुतेक मलाच दिसली असेल. नावाच्या पुढे कंसात काहीतरी. कुणाचं ही-हिम, कुणाचं शी-हर, एकाचं दे-देम. मला वाटलं नवीन डिग्री आलीय. एचआरच्या मुलीला विचारलं तर तिने सांगितलं, काका, आपल्याविषयी बोलताना लोकांनी बाई म्हणून बोलावं की पुरुष म्हणून, की दोन्ही नको, ते ज्याचं त्याने लिहायचं. तुम्हीही लिहा. मी म्हटलं, एवढी मिशी ठेवलीय, तिच्याखाली आणखी काय लिहू? ती हसली. मी मनात म्हटलं, पोटभर पगार असला की असली थेरं सुचतात.

आता आमचं काम जरा सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बाहेरच्यांना वाटतं सिक्युरिटी म्हणजे दार उघडायचं आणि सलाम ठोकायचा. आमच्या गेटचं खरं काम झडतीचं. आत परदेशी बँकांच्या गिऱ्हाइकांचे हिशोब चालायचे, म्हणून आत फोन नाही, पेन ड्राइव्ह नाही, साधं पेनसुद्धा नाही. डबाही नाही. सगळं लॉकरला ठेवायचं, हात वर करायचे, आम्ही तपासणार, मग आत. बाहेर येताना परत तेच. चहाला उतरलात तरी तेच, जेवायला उतरलात तरी तेच, कारण कँटीन आवारात, गेटच्या बाहेरच्या अंगाला. उजवीकडे जेंट्सची लाइन, उघड्यावर. डावीकडे लेडीजची, तिथे पडदा लावलेली केबिन आणि आत लेडीज गार्ड. आता तिथे यंत्र बसवलंय असं ऐकतो. माणसाने उभं राहायचं आणि यंत्राने बघायचं. चार गार्ड त्यात घरी गेले. असो.

झडतीला रीत असते. तळहात लावायचा नाही, हाताची पाठ फिरवायची. खांद्यापासून खाली यायचं, घाई नाही आणि रेंगाळणंही नाही. आणि नजर खिशावर नाही, तोंडावर ठेवायची, कारण खिशात काय आहे ते माणसाच्या तोंडावर आधी येतं. शीळफाट्याला कपड्यांचं गोडाऊन होतं तेव्हाची गोष्ट. मे महिना, पत्र्याखाली जीव जातोय, आणि एक हमाल सकाळी काडीसारखा आत गेला तो संध्याकाळी पैलवान होऊन बाहेर आला. तोंड असं, की आत्ता रडेल. मी आधी त्याला पाणी दिलं आणि मग सावकाश एकेक टी-शर्ट उतरवायला लावला. शेवटच्याला हात घातल्यावर म्हणतो, काका, हा माझा आहे. तो खरंच त्याचा होता. त्याला भोकं होती.

ठाण्याला एक गृहस्थ नोकरी गेल्यावरसुद्धा रोज यायचे. कार्ड लावलं की लाल दिवा. तरी इस्त्रीचा शर्ट, हातात डबा. घरी सांगितलं नव्हतं हे न सांगता कळत होतं. गेटच्या बाकावर दुपारपर्यंत बसायचे, पेपर वाचायचे. नियमात बसत नव्हतं ते, पण बाकावर बसत होते. अ‍ॅडमिनच्या साहेबांनी विचारलं हे कोण, तर मी सांगितलं, पाहुणे आहेत. मग एक दिवस आले नाहीत. दुसरीकडे लागले की घरी कळलं, मला समजलं नाही. फोन नंबर घ्यायला हवा होता, असं अजून वाटतं.

माझ्या गेटवर आणखी एक कायदा होता, तो मी केलेला. गेटवर 'ए' चालणार नाही. येणारा प्रत्येक जण साहेब नाहीतर मॅडम, मग तो पिझ्झा घेऊन आलेला का असेना. आणि आम्हालाही कोणी 'ए वॉचमन' करायचं नाही. एका मॅनेजरने केलं, तर मला तीन हाका ऐकूच आल्या नाहीत. चौथ्या हाकेला 'काका' आलं, तसा मी ताडकन उभा राहिलो. लोक म्हणायचे म्हातारा हट्टी आहे. आहेच. आमच्या गावी, देशावर, माझ्या वडिलांना पाटलाचं दहा वर्षांचं पोरगं 'अरे' म्हणायचं. नाव धोंडिराम, हाक धोंड्या. ते आंबिवलीच्या कारखान्यात लागले तेव्हा पहिल्या पगाराला कारकुनाने पुकारलं, धोंडिराम कोण? तर वडील मागे वळून बघायला लागले, आपल्या नावाचा दुसरा कोण आलाय म्हणून. आई हे हसून सांगायची. मला कधी हसू आलं नाही.

आणि तरीसुद्धा ती मेलखालची ओळ मला थेरं वाटली. कधीकधी डोक्यातल्या दोन खोल्यांच्या मधलं दार उघडायला वेळ लागतो.

ते दार मिताली मॅडमनी उघडलं. त्या डोंबिवलीच्या, बिलिंगला होत्या. आधीची तीन वर्षं याच गेटने ये-जा केलेली, पुरुषांच्या लाइनने आणि पुरुषाच्या नावाने. ते नाव मला माहीत आहे, पण इथे लिहिणार नाही. जी हाक ज्याला नको ती मारू नये. मग लांबची रजा झाली, आणि रजेहून आल्या त्या कुडता-ओढणीत, केस वाढवून. आल्या दिवशी त्यांचा मेल सगळ्यांना गेला. मी रिवाजाप्रमाणे खालून वाचला. मिताली, बिलिंग, शी-हर. फोन नंबर ओळखीचा निघाला, अनेकदा लावलेला. तेव्हा उलगडा झाला.

वरच्या मजल्यावर त्यांच्यासाठी केक कापला, असं कळलं. चांगली गोष्ट. पण केक वर होता आणि गेट खाली. कॉम्प्युटरमध्ये त्यांच्या कार्डापुढे अजून जेंट्स होतं, आणि जेंट्सचं कार्ड लेडीजच्या बाजूला हिरवा दिवा दाखवत नाही. म्हणून त्या ओढणी सावरत पुरुषांच्या लाइनला उभ्या राहायच्या. तिथे आमचा यादव झडती घ्यायचा. कल्याणला राहणारा, दोन मुलींचा बाप, सरळ माणूस. तो मान दुसरीकडे वळवून, नुसतं अंगाशेजारून हात फिरवल्यासारखं करायचा. लाइनमधली पोरं बोलता बोलता गप्प व्हायची, आणि ते गप्प होणं बोलण्यापेक्षा वाईट. एक दिवस मागून कोणीतरी म्हणालंच, "यादवजी, आज शुरू कहाँ से करोगे?" यादव संध्याकाळी माझ्याकडे आला. म्हणाला, काका, मुझे उस पॉइंट से हटा दो, मेरेको शरम आती है. मी म्हटलं, तुला एवढी येते, तर तिला किती येत असेल.

मग मी बघायला लागलो. गेटवाल्याला कोण येतं ते कळतं, तसं कोण येत नाही तेही कळतं. मिताली मॅडम सकाळी एकदा आत जायच्या आणि संध्याकाळी एकदा बाहेर पडायच्या. मध्ये चहा नाही, जेवण नाही. आधी याच व्यक्तीचा कँटीनच्या वडासांबारासाठी जीव जायचा, दिवसातून चारदा खाली. आता सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाण्यावर, कारण जेवायला उतरायचं म्हणजे त्या लाइनला आणखी दोनदा उभं राहायचं.

एका बुधवारी त्यांचा मेल आला, फक्त मला. खालून वाचला, नाव बघितलं, वर दीडच ओळ होती. फोन लावला.

"काका, काही नाही, कार्ड आणि लॉकरची चावी कुणाकडे जमा करायची तेवढं विचारलंय. शुक्रवार शेवटचा."

"दुसरीकडे मिळाली का?"

"नाही."

"घरी कोण कोण?"

"आई आणि मी."

"मग खाणार काय?"

 मग म्हणाल्या, "आत्ता तरी कुठे खाते, काका?"

मी फोन ठेवला, टोपी घातली आणि वर निघालो. वर जाताना माझीही झडती यादवने घेतली. नियम म्हणजे नियम.

अ‍ॅडमिनचे नाईक साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी चहा मागवला आणि समजावून सांगितलं. मेलमध्ये काय लिहायचं ते ज्याचं त्याच्यावर आहे, तिथे कुणाचं काही जात नाही. पण गेटवर झडती आहे, अंगाला हात लागतो. त्यांचे सरकारी कागद बदलून आले की आपण रेकॉर्ड बदलू, चार महिने लागतील, सहा लागतील. तोपर्यंत उद्या तुमच्या लेडीज गार्डनेच तक्रार केली तर कंपनीने काय सांगायचं? मुद्दा खोटा नव्हता. मी एवढंच विचारलं की चार-सहा महिने तिने जेवायचं नाही का. नाईक साहेबांना ते माहीतच नव्हतं. वरच्यांना कँटीनचा डबा केबिनमध्ये येतो.

मग मी म्हणालो, "साहेब, मेलवर ती बाई आहे आणि गेटवर पुरुष. मग जिन्यात कोण असते?"

साहेब चहा संपवून शेवटी पुन्हा कागदावर आले. कागदाचं मला सांगू नका, एवढं बोलून मी थांबलो. पुढे गेलो असतो तर माझं स्वतःचंच वय बाहेर पडलं असतं. साहेब म्हणाले, बरं, लेडीज गार्डची मर्जी असेल तर मला लेखी पाठवा, तिचं नाव, तुमचं नाव. काही झालं तर कंपनी एजन्सीला विचारेल आणि एजन्सी तुम्हाला. म्हणजे गेट हातातून जाणार आणि मी परत शीळफाट्याच्या पत्र्याखाली. मी म्हटलं, चालेल.

लेडीज गार्ड म्हणजे राणेबाई. कल्याण पूर्वेच्या, मूळ कोकणातल्या, जिभेला धार. त्या केबिनमध्ये पडद्याच्या तुटलेल्या कड्या दोऱ्याने बांधत होत्या. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, तुम्ही सांगाल ते.

"सगळं वर ठरतं आणि हात माझा लागतो," त्या म्हणाल्या. "आजपर्यंत विचारलंय कोणी?"

"म्हणून तर आलोय विचारायला."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर नाही. झडती दोघांच्या मर्जीने होते. मी दुसरं काहीतरी बघेन."

राणेबाईंनी आणखी दोन कड्या बांधल्या. मग म्हणाल्या, मला तिचं काही नाही, पोरगी सरळ आहे, आणि बाई म्हणून हात लावायचा तर बाईसारखाच लावेन. पण तुम्ही घाईच्या वेळी या पडद्यात तीन-तीन जणी कोंबता. बाकीच्या उद्या माझ्या डोक्यावर बसल्या तर? मी म्हटलं, मग एकेकच घ्या. सगळ्यांनाच एकेक. त्या म्हणाल्या, लाइन रस्त्यापर्यंत जाईल. मी म्हटलं, जाऊ दे.  एकेक घ्यावं हे त्या कामाला लागल्यापासून मागत होत्या, कारण दुसऱ्या बायांसमोर ओढणी उचलायला कोणालाच आवडत नाही. वरून दरवेळी उत्तर यायचं, टाइम नाही. "म्हणजे एका बाईसाठी सगळ्या बायांची सोय झाली," राणेबाई म्हणाल्या. "लिहा माझं नाव."

मिताली मॅडमना परत फोन केला. त्या ऐकून घेत होत्या, आणि मग म्हणाल्या, काका, माझ्यासाठी वेगळी लाइन, वेगळी खोली असलं काही नको, त्यापेक्षा हीच बरी. मी सांगितलं, वेगळं काहीच नाही, बायकांची लाइन आहे, राणेबाई आहेत, आणि उद्यापासून सगळ्यांना एकेक आत. दिवा हिरवा होणार नाही, तो मी माझ्या जागेवरून हाताने करीन. त्या बघते म्हणाल्या. येते म्हणाल्या नाहीत.

मग राहिला मेल. तोपर्यंत मी कुणाला मेल लिहिलेला नव्हता, नुसते फोन. त्या संध्याकाळी दोन बोटांनी, मराठीत, एकेक अक्षर शोधून लिहिला. मिताली मॅडम लेडीज लाइनने येतील-जातील. राणेबाईंची मर्जी आहे. केबिनमध्ये एका वेळी एकच बाई घेतली जाईल. जबाबदारी माझी. खाली नाव घातलं, गेट सुपरवायझर घातलं, आणि बोट थांबलं. सगळ्यांच्या नावाखाली ती एक ओळ होती, माझ्या नाही. विचार करून लिहिलं, 'काका म्हणावे.' आणि पाठवून दिला, नाईक साहेबांना एक, एजन्सीला एक.

एचआरच्या मुलीने नंतर तो मेल कुणाकुणाला दाखवला. हसण्यासाठी नाही, असं ती म्हणाली. मला विचाराल तर हसण्यासारखं त्यात काही नाही. मी एवढ्या वर्षांत केलेल्या कामात तो मेल मला सगळ्यात जास्त आवडतो. चौथी पास माणसाने लिहिला आणि एकाही साहेबाने त्याचा अर्थ परत विचारला नाही. एजन्सीने पंधरा दिवस माझ्याशी धड बोलणं ठेवलं नाही, तेही मी पचवलं. नाईक साहेबांचं उत्तर त्याच संध्याकाळी आलं, एका शब्दाचं. ओके.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यादवला कॉम्प्युटरमागच्या बाकावर बसवलं आणि जेंट्सच्या लाइनला स्वतः उभा राहिलो. लाइन भरली. बायकांची लाइन एकेकीमुळे खरंच रस्त्याकडे चाललेली, पण कुरकुर नव्हती. मिताली मॅडम आल्या. लॉकरला फोन ठेवला आणि सवयीने माझ्याच लाइनला येऊन उभ्या राहिल्या, सगळ्यांच्या मागे, मान खाली. त्यांच्यापुढचे सरकत गेले, त्या समोर आल्या आणि त्यांनी हात वर केले.

मी माझे हात पाठीमागे बांधले. बोर्डाचे डायरेक्टर येतात तेव्हा जो आवाज काढतो, त्या आवाजात म्हणालो, "मॅडम, लेडीज त्या बाजूला."

त्या हलल्या नाहीत.  पलीकडे राणेबाईंनी पडदा धरून ठेवला आणि हाक मारली, "अगं ये ना मिताली, मागच्या खोळंबल्यात." तेव्हा त्या गेल्या. पडदा पडला. मी खुर्चीपर्यंत जाऊन बटण दाबलं, दिवा हिरवा केला, आणि परत माझ्या जागेवर आलो.

दहा-साडेदहाला त्या चहाला खाली उतरल्या. चहाबरोबर वडासांबार झालेला दिसला. परत आत गेल्या, आणि तासाभरात पुन्हा खाली. पडद्यातून राणेबाईंचा आवाज आला, "काका, हिला सांगा, एकदाच काय ते खाऊन घे म्हणावं. माझे हात दुखायला लागले."

"दुखू देत, राणेबाई," मी म्हटलं, आणि पुढच्या साहेबांना हात वर करायला सांगितलं.